शेवंतीच्या पाठीवरची जागा

मित्रांनो, माझ्या दातांत एक पांढरा केस अडकलेला आहे. तो काढायचं राहून गेलं. मीही कुणाला आठवण करून दिली नाही. असू दे. या वयात एखादी खूण जवळ असली की बरं वाटतं.

मी घोड्यांचे केस भादरायची जुनी हातमशीन. न्हाव्याच्या दुकानात मानेवरून फिरणारी मशीन तुम्ही पाहिली असेल, तिची मी थोरली बहीण. दोन लांब मुठी, मधे एक स्प्रिंग आणि पुढे दातांच्या दोन पट्ट्या, एकीवर एक. खालची जागची हलत नाही, वरची इकडून तिकडे सरकते. मुठी दाबल्या की कच्, सोडल्या की कच्. एक घोडा पुरा व्हायचा तर असं हजारो वेळा. मला वीज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. तेलाचे दोन थेंब लागतात आणि हातात धीर लागतो. तेल अजून बाजारात मिळतं.

कीर्तनाला बसणाऱ्यांना ठाऊक आहे, आधी पूर्वरंग होतो, मग उत्तररंग. माझा पूर्वरंग मी चटकन उरकते, कारण आता फार बोलवत नाही.

उत्तरेकडे कात्र्या घडवणारं एक गाव आहे, तिथे माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझा एकेक दात कानशीने घासला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा घासला. मग आम्ही बारा जणी एका खोक्यात गवतात निजून मुंबईला आलो, रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात. तिथे मला काशीनाथ भेटला. रोह्याकडून आलेला वीस वर्षांचा मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याचं खाणंपिणं, खरारा, आंघोळ, सगळं बघणारा माणूस. त्याचा हात घट्ट होता, पण दाब हलका. मी फिरायची ती त्याच्या नामस्मरणाच्या ठेक्यावर. विठ्ठल म्हणताना मूठ मिटायची, पुन्हा विठ्ठल म्हणताना उघडायची. घोडेसुद्धा त्या ठेक्यावर पेंगायचे.

एकदा तबेल्याच्या मोठ्या साहेबांनी मी भादरलेल्या घोड्याच्या अंगावरून आपला रुमाल फिरवला. रुमालावर एकही केस आला नाही. साहेब म्हणाले, "कुणी केलंय हे?" काशीनाथने मला वर धरून दाखवलं. स्वतःचं नाव नाही सांगितलं, मित्रांनो. मला दाखवलं. त्या दिवशी मला दोनदा तेल मिळालं.

मग तिथे विजेच्या मशीन आल्या. माझ्या अकरा बहिणी भंगारात गेल्या. काशीनाथने मला मागून घेतलं, मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. पुढे नोकरी संपली तेव्हा तो आणि त्याची बायको सुलूबाई भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहायला आले. मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या खुंटीला. वाटलं, झालं आपलं. आता पडून राहायचं.

पण तसं व्हायचं नव्हतं. मिठागरांच्या कडेला जितेंद्रचा तबेला होता. लग्नाच्या वरातीसाठी तो घोड्या पुरवायचा. दोन घोड्या आणि एक बग्गी. त्यातली एक घोडी अंगभर पांढरी, डोळ्यांभोवती काजळाच्या रेघा ओढाव्यात तशी काळी कातडी. तिचं नाव शेवंती.

तुम्ही म्हणाल, भाईंदरला थंडी ती कितीशी, इथे घोड्याचे केस कशाला कापायचे? जितेंद्रच्या बायकोने, ममताने, पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं.

"काका, आम्ही इथे डिसेंबरात पंखा लावून झोपतो. हिला कसली आलीय लोकर?"

काशीनाथ म्हणाला, "पोरी, तिला पंखा दिसत नाही. दिवस लहान झाला की तिच्या कातडीला कळतं. केस दाटतात. आणि नेमकी तेव्हाच तुमची लग्नसराई. वर मखमली झूल, पुढे दिवे, मागे बॅन्ड. बिचारी घामाने भिजते. दाट केसांत घाम वाळत नाही, अंग गार पडतं, कातडी किडते. म्हणून भादरायचं. दिसायला छान दिसतं हे नंतर."

"मग सगळी भादरून टाका की."

"सगळी नाही. ही बघ." त्याने शेवंतीच्या पाठीवर खोगीर ठेवलं आणि खडूने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली. खोगीर काढलं. पाठीवर खोगिराच्या आकाराची जागा उमटली. "ही सोडायची. पायही सोडायचे. खोगिराखाली केस हवेत, नाहीतर कातडी घासते. आपण तिच्या पाठीवर बसायची जागा ठरवली ना, मग तिथलं पांघरूण तरी तिचं तिला राहू दे."

ममता हसून म्हणाली, "काका, तुम्ही घोडी भादरताय की प्रवचन सांगताय?"

तेव्हापासून आठ हिवाळे असेच गेले. तुळशीची लग्नं आटोपली की येणाऱ्या पहिल्या गुरुवारी आम्ही जायचो. पौषात लग्नं थांबतात, तेव्हा महिना संपता संपता दुसऱ्यांदा. काशीनाथ मला आधी शेवंतीच्या कपाळाला टेकवायचा, मग रामकृष्णहरी म्हणायचा, मग खोगीर, मग खडू. कधी चुकलं नाही. उतरलेले केस ममता झाडून पिशवीत भरून द्यायची. सुलूबाई ते रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या आणि मांजरपाटाच्या दुहेरी खोळीत भरायच्या. त्याचं झालं आसन. काशीनाथचे गुडघे दुखायचे आणि देवळातली फरशी गार. म्हणून कीर्तनाला जाताना तो ते आसन काखेत घ्यायचा. दर वर्षी त्यात थोडे केस वाढायचे.

सुलूबाई म्हणायच्या, "अहो, लोक घोड्यावर बसून वरातीला जातात. तुम्ही घोडीवर बसून कीर्तनाला जाता."

मीही जायची. तबेल्यातून तो थेट देवळात यायचा, मी पिशवीत. पिशवीतून दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. पेटी, तबला, झांजा, कीर्तनकार बाईंचा खडा आवाज. मी पोलादाची, मला कसला आलाय जीव. पण बुक्का लावायला लोक उठायचे तेव्हा काशीनाथ आपल्या कपाळाचा उरलेला बुक्का पिशवीत हात घालून माझ्या मुठीला पुसायचा. त्यावर माझे अनेक हिवाळे गेले.

हा झाला पूर्वरंग. आता जे सांगायचं ते सांगते.

गेल्या पावसाळ्यापासून काशीनाथची बोटं आखडली. सकाळी चहाचा कप दोन हातांनी धरावा लागे. माझीही स्प्रिंग सैल झाली होती, दात बोथट. धारवाल्याने मला हातात घेऊन सांगितलं, "काका, आता घासायला लोखंडच उरलं नाही." तरी तुळशीची लग्नं झाली आणि गुरुवार आला तसा काशीनाथने मला पिशवीत घातलं. खडू खिशात टाकला.

आम्ही तबेल्यात पोचलो तर आतून घर्रर्र असा आवाज येत होता. मी तो आवाज ओळखला. माझ्या अकरा बहिणींना ज्याने घालवलं, तोच.

जितेंद्रच्या हातात नवी कोरी मशीन होती, काळी, लहानशी, दिवा लागलेली. शेवंती जवळजवळ पुरी झाली होती.

"या या काका!" जितेंद्र खुशीत होता. "ऑनलाइन मागवली. म्हटलं काकांच्या बोटांना आता त्रास नको. काय फास्ट जातेय बघा, अर्ध्या तासात काम खल्लास. शनिवारी शांती नगर, रविवारी सिल्व्हर पार्क. दोन्ही पार्ट्यांना घोडी एकदम चकाचक पाहिजे."

तो चांगल्या मनाने बोलत होता, मित्रांनो. हे मला तेव्हाही कळलं. पण काशीनाथने पिशवीचा बंद घट्ट धरला होता.

त्याने शेवंतीभोवती एक चक्कर मारली. पिशवीचं तोंड उघडं होतं, मलाही दिसलं. तिची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत गुळगुळीत. खडू नाही, रेघ नाही. खोगिराची जागा साफ उतरवलेली. मशीनचं पातं असं की केस मुळापासून गेलेले. आतली कातडी दिसत होती.

आता बोल, मी मनात म्हटलं. सांग त्याला.

ममता चहा घेऊन आली. "काका, बरं झालंय ना? हे पहिल्यांदाच करतायत, मला धाकधूक वाटतेय."

काशीनाथने चहा घेतला. फुंकर मारली. म्हणाला, "छान झालंय."

बस, एवढंच. छान झालंय.

ममताने केसांची पिशवी पुढे केली. "सुलूमावशींना द्या. यंदा केस खूप निघाले."

"राहू दे," तो म्हणाला. "आता कशाला."

रस्ताभर त्याने नाम घेतलं नाही. घरी सुलूबाईंनी विचारलं, "एवढ्यात आलात? घोडी पळाली की काय?"

"जितूने मशीन घेतलीय."

"मग बरं झालं की. आयतं बसून चहा मिळाला."

"हं."

"हं काय? तोंड असं का केलंय, तुमच्या हातातलं कुणी काढून घेतल्यासारखं?"

त्याने पिशवी तशीच खुंटीला अडकवली. मला बाहेर काढलं नाही. मी खुंटीवर पिशवीतच लटकले. शुक्रवार गेला. शनिवार गेला. शनिवारी संध्याकाळी शांती नगरच्या बाजूला कुठेतरी वरात निघाली असेल. शेवंतीच्या उघड्या पाठीवर खोगीर, खोगिरावर नवरदेव, आणि पुढे तासभर नाच. काशीनाथ खिडकीशी बसून होता. दोनदा उठला. दोनदा पुन्हा बसला.

रविवारी देवळात सुचेताताईंचं कीर्तन होतं, दुपारी चार वाजता. काशीनाथने सवयीने खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली, आसन काखेत घेतलं. मी आत आहे हे त्याच्या ध्यानातही नसावं.

सुचेताताईंचं कीर्तन म्हणजे हसवून हसवून नेमक्या जागी चिमटा. सुरुवातीलाच म्हणाल्या, "मंडळी, मागच्या खांबाजवळच्या काकू, उठू नका. प्रसादाला शिरा आहे आणि तो भरपूर आहे, मी आत जाऊन बघून आलेय." सगळे हसले. मग नामाचा गजर झाला, अभंगावर निरूपण झालं, आणि उत्तररंगात त्यांनी आख्यान लावलं.

एका गावात एक म्हातारा पखवाजी होता. जन्मभर देवापुढे वाजवलं. हात थकले तसं गावाने पखवाज एका तरुणाकडे दिला. म्हातारा रुसला. एके दिवशी त्याने बघितलं, त्या पोराने पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली ती फार पातळ. आज पखवाज बोलणार नाही, त्याला लगेच कळलं. पण तो गप्प राहिला. कीर्तन उभं राहिलं, पखवाज नुसता टणटण करायला लागला. म्हातारा मनात हसला. त्याच रात्री स्वप्नात देव आला आणि म्हणाला, "अरे, तुझा राग कुणावर?" म्हातारा म्हणाला, "त्या पोरावर." देव म्हणाला, "मग बेसूर मला का ऐकवलंस?"

सुचेताताई थांबल्या. पेटीवाल्यानेही सूर सोडला.

"मंडळी, आपण रुसतो एकावर आणि भोगतो तिसराच. नाम घेणारी जीभ वेळेला गप्प बसली, तर त्याला मौन म्हणू नका. त्याला रुसवा म्हणतात. मौनाला पुण्य आहे. रुसव्याला काही नाही."

मला काशीनाथ दिसत नव्हता. पण पिशवी त्याच्या मांडीला टेकलेली होती. त्याने खाली हात नेला आणि आसन चाचपलं. आठ हिवाळ्यांचे केस. सगळे तिचे.

तो उठला. मित्रांनो, मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर कीर्तनाला गेले, आरतीआधी तो कधी उठला नव्हता. आजूबाजूच्यांनी गुडघे आखडून वाट दिली. मागच्या खांबाजवळच्या काकू कुजबुजल्या, "बघा, मला बसवलं आणि हे चालले."

बाहेर येऊन त्याने रिक्षा थांबवली. "भैया, मिठागर की तरफ. जल्दी लो."

"काका, रिक्षा है, घोडा नहीं है," रिक्षावाला म्हणाला.

"घोडे के लिएही जा रहा हूँ बाबा. चलो."

तबेल्यात तयारी सुरू होती. शेवंतीच्या कपाळावर मोत्यांची जाळी, गळ्यात घुंगुरमाळ. जितेंद्रच्या हातात खोगीर. ममता तिच्या तोंडाशी उभी राहून तिला थोपटत होती.

"अहो, आज हिला काय झालंय?" ममता म्हणत होती. "सकाळपासून पाठीला हात लावू देत नाही."

"नखरे. कालचा बॅन्ड जास्त वाजला."

"थांब जितू. खोगीर ठेवू नको."

दोघांनी मागे वळून पाहिलं. "काका? तुम्ही कीर्तन सोडून?"

काशीनाथने पिशवी चाऱ्याच्या पेटीवर टेकवली. मी तिच्यातून निम्मी बाहेर आले आणि पुढचं सगळं मी तिथून पाहिलं. त्याने शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवला, हळू, उलट्या हाताने. कण्याच्या डाव्या बाजूला, जिथे खोगिराची कड टेकते, तिथे हात थांबला. शेवंतीची कातडी थरथरली. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. लाल चट्टा होता, तळहाताएवढा, गरम. मधे बोटभर जागी सालपट निघालेलं.

ममताने तोंडावर हात ठेवला.

"हे कशाने?" जितेंद्र म्हणाला. "मी तर खोगीर नीट बांधलं होतं."

"खोगीर नीटच होतं. खालचे केस नव्हते." काशीनाथ त्याच्याकडे न बघता बोलत होता. "गुरुवारीच मला दिसलं होतं, जितू. खोगिराची जागा उतरवलीस ते."

"दिसलं होतं?" जितेंद्रचा आवाज चढला. "आणि तुम्ही छान म्हणालात?"

"म्हणालो."

"का पण?"

काशीनाथने शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "रुसलो होतो."

जितेंद्र खोगीर हातात धरून तसाच उभा. त्याला हसावं की ओरडावं कळेना. "काका, लग्नातले जावई बरे हो! अरे दोन शिव्या घालायच्या ना मला. माझा कान पिळायचा. मी काय परका आहे? मला यातलं माहीत नव्हतं म्हणून चुकलो. तुम्हाला तर माहीत होतं."

"तेच तर. तू न कळता केलंस. मी कळून गप्प बसलो. तुझ्यावर रुसलो आणि लागलं हिला."

"आता काय करू मी? दुसरी घोडी बग्गीला जुंपून गेली. बॅन्डवाले सिल्व्हर पार्कला पोचलेत. मी जबान दिलीय त्या लोकांना."

"भांडण नंतर करा दोघांनी," ममता म्हणाली. "काका, हिचं काय करायचं ते सांगा. नेमकं सांगा."

काशीनाथने काखेतलं आसन काढलं. थोडा वेळ दोन्ही हातांत धरलं. मग उलटं करून सुलूबाईंची शिवण शोधली आणि दाताने दोरा तोडला.

"काका, हे तुमचं कीर्तनाचं!"

"तिचंच आहे. खोगिराखाली घालायचं. दाभण आण."

त्याने बोटं आत घालून केस दोन्ही बाजूंना सारले. कण्यावरची आणि चट्ट्यावरची जागा मोकळी राहील असं मधे रिकामं ठेवलं. बाजू पुरेशा भरत नव्हत्या. तेव्हा ममता आत गेली आणि गुरुवारची ती पिशवी घेऊन आली. तिने फेकली नव्हती. नेमके खोगिराच्या जागेवरचे लांब केस त्यात वरच होते. कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत, मित्रांनो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या दिवशी ते जिथून निघाले तिथे परत गेले, मधे कापडाचा एक पदर ठेवून. काशीनाथची बोटं दाभण धरू शकली नाहीत. टाके ममताने घातले. तो दाखवत गेला, ती शिवत गेली.

चट्ट्याला मिठाच्या कोमट पाण्याने शेकलं, वर खोबरेल. मग काशीनाथ म्हणाला, "एवढ्यानेही भागायचं नाही. सबंध वरातभर कुणी बसणार नाही हिच्यावर. हॉलच्या शेवटच्या वळणापासून फाटकापर्यंत, बस. नाहीतर मी हिला इथून हलू देणार नाही."

जितेंद्रने कपाळाला हात लावला. मग फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "साहेब, घोडीच्या पाठीला जरा लागलंय. नवरदेव शेवटच्या वळणापासून बसले तर चालेल का? तोवर ती पुढे चालेल, पूर्ण सजवून."

पलीकडून दबका आवाज आला. "भाऊ, मी दिपेश बोलतोय. नवरदेवच. शेवटीही नाही बसलो तरी चालेल हो. मला घोडीची जाम भीती वाटते. फक्त माझ्या आईला सांगताना घोडीला बरं नाही एवढंच सांगा. माझं नाव काढू नका."

तबेल्यात पहिल्यांदा हसू आलं. काशीनाथच्याही तोंडावर आलं, पण डोळे भरलेले होते.

शेवंती वरातीला निघाली. काशीनाथ तिच्या लगामाशी चालत गेला, सिल्व्हर पार्कपर्यंत, दुखऱ्या गुडघ्यांनी. आणि जाताना मला विसरला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चाऱ्याच्या पेटीवरून मी पेटीच्या मागे सरकले आणि तिथेच राहिले. मिठागरांवरून खारा वारा येतो, तो लोखंडाला सोडत नाही. माझ्या मुठींवर तांबूस पूड धरली, स्प्रिंग अडकली. आठवडे गेले. मला राग आला नाही. थकल्यावर रागही येत नाही. मी तिथून रोज बघत होते. काशीनाथ रोज सकाळी येत होता, मिठाचं पाणी करत होता, शेवंतीला शेकत होता. ती बरी होईपर्यंत जितेंद्रने तिला एकाही वरातीला काढलं नाही. दोघं बोलत होते, भांडतही होते. ते भांडण ऐकायला छान वाटायचं. नावापुरतं नाही, खरोखर छान.

पौष संपत आला तेव्हा चारा संपला, पेटी हलवली आणि ममताला मी सापडले.

"अगं बाई! काका, ही तुमची."

काशीनाथने मला उचललं. गंजावरून अंगठा फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आला आणि उन्हात बसून मला दिवसभर पुसत बसला. त्याचे हात दुखत होते, मला कळत होतं.

दुसऱ्या भादरणीला जितेंद्रनेच त्याची मशीन चालवली. पण आधी त्याने खोगीर ठेवलं. खडू घेतला. रेघ ओढली आणि विचारलं, "काका, बरोबर?"

"डावीकडे चार बोटं जास्त सोड."

"एवढं?"

"सोड म्हटलं ना."

"घ्या, आता रुसत नाहीत, डायरेक्ट ओरडतात," जितेंद्र म्हणाला, आणि चार बोटं जास्त सोडली.

सगळं अंग त्या मशीनने सरसर केलं. मान्य करते, काम तिचं चांगलं आहे. पण कानाशी तिची घरघर गेली की शेवंती डोकं झटकायची. काशीनाथ म्हणाला, "कान तिच्याने नकोत," आणि मला हातात घेतलं. तिच्या कपाळाला टेकवलं. रामकृष्णहरी म्हटलं. मुठी दाबल्या. बोटं अर्ध्यातच थांबली. पुन्हा दाबल्या. पुन्हा थांबली.

ममता पुढे आली. "द्या काका. तुम्ही ठेका धरा."

तिचा हात मला नवा होता. घट्ट, थोडा घाबरलेला. काशीनाथ नाम घेत राहिला आणि त्या ठेक्यावर मी मिटत उघडत गेले. शेवंतीने डोळे अर्धे मिटले. कानामागचे चिमूटभर केस निघाले. त्यातलाच हा एक माझ्या दातांत राहिला.

आता मी तबेल्यातच असते, तेलकट फडक्यात, खुंटीला. वर्षातून दोनदा घोडीच्या कानांपुरती. एवढं काम मला पुरे आहे. ते आसन शेवंतीच्या खोगिराखाली असतं. काशीनाथ देवळात जुन्या शालीची घडी करून बसतो, आणि सुलूबाईंनी शिवायला घेतलेल्या नव्या आसनात अजून एकाच हिवाळ्याचे केस आहेत. सुलूबाई म्हणतात, "आठ वर्षं थांबा, मग मऊ लागेल." दोघंही हसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जुनं असेल, माझ्यासारखं लोखंडाचं किंवा काशीनाथसारखं हाडामांसाचं, तर त्याला तेलाचे दोन थेंब द्या. नवं आणायचं तर जरूर आणा, पण आधी त्याला विचारा की जागा कुठे सोडायची. आणि तुम्ही स्वतः कधी जुने झालात आणि कुणी विचारलं नाही, तर न विचारता सांगा.

घोड्याच्या अंगावर जिथे जखम होते, तिथे पुढे पांढरे केस येतात. शेवंती मुळातच पांढरी, म्हणून तो डाग कुणाला दिसत नाही. जितेंद्रलाही आता सापडत नाही. काशीनाथ मात्र रोज खरारा करताना त्या जागेशी येतो, खरारा बाजूला ठेवतो, आणि तेवढ्या जागेवरून नुसता हात फिरवतो.